खुशालरावांच्या पत्र्यातला कॉम्प्युटर

दामिनीनं स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं तिला कूलरच्या भाषेत सल्ला दिला. त्यांचाही दोष नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात तिच्या वडिलांचं, खुशालरावांचं, कूलरचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून घर. उन्हाळ्यात अकोल्याचं नाव देशाच्या बातम्यांत येतं ते तापमानासाठी, आणि बाकीचं गाव ज्या आकड्याला शिव्या घालतं त्याच आकड्यावर या घराची चूल पेटते. मोटर, पंप, पंखा आणि पत्रा यांच्यापलीकडे जगात दुसरं यंत्र असू शकतं हे त्या घराला पटायला वेळ लागणारच.

खुशालराव सरळ माणूस, पण स्वतःच्या कामाबद्दल त्यांना काडीचीही शंका नाही. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची आणि मोटर पत्र्याला अशी आवळायची की मधून केस जाऊ नये. बॉडी तयार झाली की ते तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. आत जरा काही वाजलं की पुन्हा पाना हातात. “पत्र्याले भिडलं ते टिकलं,” हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान, आणि खरं सांगायचं तर त्यांचे कूलर टिकतातही. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं दामिनीला काही विचारलं तर तिनं तोंड उघडायच्या आत उत्तर खुशालरावांचं येतं. पोरीचा पाणउतारा करायचा म्हणून नव्हे. उत्तर ठाऊक असताना गप्प बसणं त्यांना जमतच नाही.

दामिनी त्यांचीच लेक. अमरावतीला राहून तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि परत येऊन एमआयडीसीत गजेंद्रभाऊंकडे लागली. गजेंद्रभाऊ डाळमिलची यंत्रं बनवतात. दामिनी त्यांच्या ऑफिसात बसून त्या यंत्रांची ड्रॉइंग करायची, म्हणजे कॉम्प्युटर मोकळा मिळेल तेव्हा करायची, कारण कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे चार. शेवटी गजेंद्रभाऊंनीच तोड काढली. दामिनीनं घरी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, अख्खी डाळमिल पडद्यावर गरगर फिरवता येईल असा, तर आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, नव्या यंत्रांची सगळी ड्रॉइंग तिच्याकडे. नाही घेतला तर नागपूरची एक पार्टी तयारच होती. आखाजीला आपण स्वतः घरी येऊन मशीन पाहू आणि मग बोलू, असं सांगून त्यांनी विषय संपवला. दामिनीला ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मनातल्या मनात तिनं ते कधीच घेऊन टाकलं होतं.

मग घरात ‘बाजारात तुरी’ सुरू झालं. तिची आई, पार्वताबाई, म्हणाली की बॉडी मोठी घे, हवा खेळती राहते. आतेभाऊ शुभमला कॉम्प्युटर म्हणजे खेळ एवढंच ठाऊक. त्यानं रंगीत दिव्यांचे पंखे सुचवले. खुशालराव म्हणाले, मोटर दमदार घे, बाकी काही पाहू नको. एक शेजारी येऊन लॅपटॉपच घे म्हणून सांगून गेला. दामिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंही केलं नाही. तिच्या साठवलेल्या पगारात जो लॅपटॉप बसत होता त्यानं डाळमिलची अर्धी चाळणी पाहूनच मान टाकली असती. आणि सीझनच्या तोंडावर बापाकडे हात पसरायचा नाही हे तिनं आधीच ठरवलेलं होतं.

तरी एक गोष्ट तिनं बापाचीच उचलली. खुशालराव गिऱ्हाइकाला आधी खोली केवढी ते विचारतात आणि मग मोटरचं बोलतात. दामिनीनंही आधी काम पाहिलं. खेळ नाही, सिनेमा नाही, ड्रॉइंग. त्यासाठी तिनं असा प्रोसेसर निवडला की चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड पुढे पैसे आले की घेता येईल. शुभमला ही कंजूषी वाटली. दामिनीला हा हिशेब वाटला.

पण कूलरची शिकवण इथवरच चालली. कूलरची मोटर दोन भोकं इकडेतिकडे पाडून कुठल्याही बॉडीत बसवता येते. कॉम्प्युटरचं तसं नाही. प्रोसेसर एका जातीचा आणि मदरबोर्डावरची त्याची जागा दुसऱ्या जातीची असली तर प्रत्यक्ष ब्रह्मदेवही तो बसवू शकत नाही. म्हणून तिनं आधी प्रोसेसर धरला, मग त्याला चालेल असा बोर्ड शोधला. नवा बोर्ड परवडेना. अमरावतीला जुन्या सामानाचं दुकान चालवणारा उसामा तिच्या कॉलेजपासूनच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे नीट वापरलेला एक बोर्ड निघाला, पण तो प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला. अशा बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळखच पटत नाही, त्याच्या आतला प्रोग्रॅम आधी नवा करून घ्यावा लागतो. दामिनीनं ते उसामाकडून करून घेतलं आणि मगच बोर्ड उचलला. शुभमनं कुठून तरी स्वस्तातली रॅम शोधून आणली, ती पुढच्या पिढीची. तिची खाच या बोर्डाच्या खाचेशी जुळत नाही, हे दामिनीनं त्याला दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हा तो गप्प झाला.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र ती कुणाला बधली नाही. बाहेरून दिसत नाही म्हणून लोक तिथेच काटकसर करतात. दामिनीनं जळालेल्या मोटरी उघडण्यात लहानपण काढलेलं. अकोल्याची वीज कधी येते, कधी जाते आणि येताना केवढ्यानं येते याचा भरवसा कुणी देऊ नये. तिनं चांगल्यातला सप्लाय घेतला, आणि तो घेतल्यावर कॅबिनेटपुरते पैसे उरलेच नाहीत.

कॅबिनेट म्हणजे हे सगळं ज्याच्या आत बसतं तो डबा. हे कळल्यावर खुशालरावांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. इतके दिवस पोरीच्या बोलण्यातलं त्यांना अक्षरही कळत नव्हतं. आता पहिल्यांदा त्यांच्या हातातलं काम आलं होतं.

“बॉडीले पैसे द्याचे?” ते म्हणाले. “माह्या पोरीनं? आन मी काय मेलो का?”

बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, ऐन सीझनात, त्यांनी कॉम्प्युटरची बॉडी करायला घेतली. बोर्ड पत्र्यावर ठेवून भोकांच्या खुणा केल्या. मागच्या बाजूला वायरी लागायच्या त्याची खिडकी कापली, पंख्याची जागा कापली, बाजूला जाळी बसवली, कडा हातानं घासून गुळगुळीत केल्या. कूलरला देतात तोच आकाशी रंग दिला. बोर्ड बसवताना त्यांनी एकेक स्क्रू असा आवळला की शेवटी टकटक करून पाहिलं तेव्हा आत हूं की चूं नाही. ते स्वतःच म्हणाले की एवढी पक्की बॉडी आजवर आपल्या हातून झाली नाही. दामिनीला ती बॉडी आवडली. बापानं आपल्यासाठी सीझन थांबवला हे तर तिला फारच आवडलं, पण आमच्याकडे असं तोंडावर बोलायची पद्धत नाही. तिनं चहा करून आणला.

पार्वताबाईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दुकानात थांबलेली दोन गिऱ्हाइकंही आत डोकावली. दामिनीनं बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा थांबला. पडदा काळा तो काळाच.

शुभम म्हणाला, जुना बोर्ड घेतला तेव्हाच मला वाटलं होतं. गिऱ्हाइकं हळूच बाहेर सटकली. दामिनीनं रॅम काढून पुन्हा बसवली, वायरी तपासल्या, सगळं जिथल्या तिथे होतं. मग ती एकेक गोष्ट मनात उलटून पाहू लागली. उसामानं तो आतला प्रोग्रॅम खरंच नवा केला होता का? का आपणच चुकीचा प्रोसेसर धरून बसलो? इतके महिने जुळवाजुळव केली आणि मूळ जोडीच न जुळणारी निघाली तर?

खुशालराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पयल्यांदा माणूस चुकतेच, दामिने. पुढच्या उन्हाळ्यात नवा घेऊ. दुकानातून देतो मी.” आणि ते कूलरच्या गवताच्या जाळ्या भरायला निघून गेले. आखाजी तोंडावर आलेली, पुढच्या उन्हाळ्याचं काय लोणचं घालायचं होतं? पण ते तसं म्हणाले आणि दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडकी आहे, रडकी नाही, म्हणून तिनं लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला.

दुसऱ्या दिवशी बोर्ड, सप्लाय, सगळं सोडवून तिनं पिशवीत भरलं आणि मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरून अमरावती गाठली. बडनेऱ्यापर्यंत ती मनात उसामाला जे जे बोलायचं ते रचत होती. उसामानं तिला काहीच बोलू दिलं नाही. त्यानं एक रिकामं खोकं उलटं टाकलं, त्यावर बोर्ड ठेवला, सप्लाय जोडला आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली, प्रोसेसरचं नावही बरोबर आलं, रॅमही पूर्ण दिसली.

दामिनीला हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे तिची निवड बरोबर होती. एकेक भाग दुसऱ्याशी बरोबर जुळलेला होता. मग घरी काय झालं? उसामानं बॉडीचा फोटो मागितला. तिनं मोबाइल पुढे केला. त्यानं फोटो पाहिला आणि बोर्ड उलटा करून तिच्या पुढे धरला. बोर्डाच्या पाठीवर झाळणीचे, म्हणजे सोल्डरिंगचे, बारीक बारीक टोकदार ठिपके असतात. ते पत्र्याला टेकले की वीज नको तिथून पळते. म्हणून बाजारच्या कॅबिनेटमध्ये बोर्ड छोट्या पितळी पायांवर उभा करतात, पत्र्यापासून पाव इंच तरी सोडून. खुशालरावांनी मात्र केससुद्धा जाऊ दिला नव्हता.

“ताई, सप्लाय चांगला होता म्हणून वाचलं,” उसामा म्हणाला. “शॉर्ट दिसला का तो बंद होऊन जाते. हलका राहिला असता तं बोर्ड गेलाच समजा.”

दामिनीला स्वतःचीच शरम वाटली. खाचांपासून पिनांपर्यंत तिनं प्रत्येक वस्तू दुसरीशी ताडून पाहिली होती. उसामावर शंका घेतली, शुभमला फोटो दाखवून गप्प केलं. एक बॉडी तेवढी तिनं तपासली नाही, कारण ती बाबांनी केली होती. बाबांचं काम कुणी तपासतं का? त्या घरात तसा रिवाजच नव्हता.

उसामाकडे एक जुनं कॅबिनेट पडून होतं. त्यानं ते फुकटच देऊ केलं. बाबांना काही सांगू नका, त्यांची बॉडी काय, दुकानात कामी येईल, म्हणाला. सल्ला शहाणपणाचा होता. आखाजी दोन दिवसांवर, म्हाताऱ्याचं मनही मोडत नाही आणि कामही होतं. दामिनीनं ते कॅबिनेट उचलून पाहिलंसुद्धा. मग तिला पाठीवरचा तो हात आठवला. पयल्यांदा माणूस चुकतेच. जी चूक तिनं केलीच नव्हती ती बापानं एवढ्या मायेनं माफ केलेली, आणि ती माफी आता जन्मभर अंगावर वागवायची? ते तिला चालणार नव्हतं. तिनं मूठभर पितळी पाय मागून घेतले आणि कॅबिनेट तिथेच ठेवलं.

घरी आली तेव्हा खुशालराव एका बॉडीवर टकटक करत होते. दामिनीनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. “बाबा, सामान सगळं चांगलं हाय. बॉडी चुकली.”

खुशालराव ऐकून घेणारे नव्हतेच. मापात त्यांनी तसूभर फरक ठेवला नव्हता. भोकं जुळली होती. स्क्रू बसले होते. आजवर त्यांचा एक कूलर वाजला नाही, एकानं कुणाला करंट मारला नाही. ते बोलत राहिले आणि आवाज चढत गेला, तशी पार्वताबाई आतून दारात येऊन उभी राहिली. दामिनीनं वाद घातला नाही. तिनं बोर्ड उलटा केला, बापाचा हात धरला आणि त्यांचा अंगठा त्या टोकांवरून फिरवला. डोळ्यांना न पटलेलं त्या अंगठ्याला पटलं. तो आयुष्यभर पत्र्याच्या कडा तपासत आलेला अंगठा आहे. खुशालरावांनी तो पुन्हा एकदा, स्वतःहून, हळूच फिरवला.

“हे भिडलं,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हंजे मीच मारत होतो त्याले.”

दामिनीला त्या क्षणी उसामाचं कॅबिनेट न आणल्याचा फार पश्चात्ताप झाला. नाही म्हणावं, असं काही नाही बाबा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ती त्यांचीच लेक. “हो,” ती म्हणाली, “पण मले पाहाले पायजे होतं. मी नाई पाह्यलं.”

खुशालरावांनी हातातली कूलरची बॉडी बाजूला सारली, आकाशी बॉडी पुढ्यात ओढली आणि पितळी पाय तळहातावर घेतले. बोर्ड एवढा वर उचलायचा म्हणजे मागची खिडकीही वर सरकणार, हे त्यांनी न सांगता ओळखलं. स्वतःच्या हातानं गुळगुळीत केलेल्या त्या कडेत त्यांनी पुन्हा कात्री घातली. रंग उडाला. तो पुन्हा द्यायलाही ते थांबले नाहीत. बोर्ड पायांवर उभा राहिला तेव्हा ते खाली वाकून मधल्या फटीतून पलीकडचा उजेड पाहत बसले. असं अधांतरी ठेवून कसं टिकेल, हे त्यांना पटत नव्हतं. त्याला असंच लागतं, असं दामिनीनं सांगितलं. त्यांची बोटं टकटक करायला उचलली गेली आणि तशीच खाली आली.

या वेळी पंखा सुरू झाला तो थांबला नाही. पार्वताबाईनं दुसरा नारळ फोडला नाही, पहिल्याचाच प्रसाद अजून शिल्लक होता.

आखाजीला दुपारी गजेंद्रभाऊ आले. मांडे, आमरस झाला. मग दामिनीनं डाळमिल पडद्यावर उघडली. पट्टा, चाळणी, रोलर, सगळं एकत्र, आणि ती आडवी, उभी, पोटातून, पाठीतून फिरवून दाखवली. कुठे अडलं नाही. गजेंद्रभाऊ पडद्याकडे कमी आणि त्या आकाशी डब्याकडे जास्त पाहत होते. मागची खिडकी ओबडधोबड, रंग उडालेला, जाळी कूलरची. त्यांना हसू आवरेना. हे काय, यात पाणी टाकायचं का, असं त्यांनी विचारलं. मग मात्र कामाच्या माणसासारखे सरळ बसले. ड्रॉइंग वेळेवर लागतात, माझा कारखाना त्याच्यावर चालतो, म्हणाले. काम सुरू असताना हे बंद पडलं तर काय करायचं? आणि हे विचारताना सवयीनं, घरातल्या कर्त्या माणसाकडे पाहावं तसं, ते खुशालरावांकडे पाहत होते.

दामिनीनंही बापाकडे पाहिलं. आता उत्तर येणार, अशी तिची खात्रीच होती. बंद पडतच नाही, माझ्याकडे आणा, मी बसलो आहे, यांपैकी काहीतरी.

खुशालरावांनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि हात पुसले.

“तिले इचारा,” ते म्हणाले. “मले त्यातलं समजत नाई. मी चुकलो होतो, तिनं दुरुस्त केलं.”

पार्वताबाई वाढता वाढता थांबली. एवढ्या संसारात नवऱ्याच्या तोंडून तिनं यातला एकही शब्द ऐकला नव्हता. गजेंद्रभाऊंनी मान वळवली आणि पहिल्यांदा दामिनीला सरळ प्रश्न विचारला. दामिनी आधी एक घोट पाणी प्यायली. मग कुठला भाग बिघडला तर तो कुठून येईल, तोवर ड्रॉइंग कुठे सुरक्षित राहतील आणि काम किती वेळात पुन्हा सुरू होईल, हे तिनं शांतपणे सांगायला सुरुवात केली. ती बोलत होती तेवढा वेळ खुशालराव मधे एक शब्दही बोलले नाहीत.